कंपनीच्या स्टीरिओला खर्जाची जोड

कारखान्यातून नवी निघालेली मोटार गाणे वाजवते, पण त्या गाण्याचा तळ तिच्यात बहुतेक वेळा नसतो. गायकाचा आवाज, पेटी, टाळ, व्हायोलिन स्वच्छ ऐकू येतात. ढोलाचा ठोका, पखवाजाच्या डाव्या अंगाची धूम, चित्रपटगीतातली बेस गिटार यांचा मात्र अंदाज बांधावा लागतो. आवाज वाढवला तर दाराचा पत्रा थरथरतो, स्पीकर फाटल्यासारखा वाजतो आणि खर्ज तरीही येत नाही. या उणिवेवरचा रुळलेला उपाय म्हणजे मूळ स्टीरिओ जागेवरच ठेवून त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर जोडणे. त्यामागचा हेतू कामाच्या वाटणीचा असतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचे सूर सबवूफरने वाजवायचे, वरचे दारांतल्या स्पीकरांनी. वाटणी नीट झाली तर आवाज न वाढवताही गाणे भरदार होते. बाजारात मात्र हे काम डब्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावरून विकले जाते आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथूनच होते.

कित्येक स्टीरिओंवर ५० वॉट × ४ असे लिहिलेले असते. हा आकडा येतो कुठून ते पाहण्यासारखे आहे. इंजिन चालू असताना मोटारीच्या वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकरचा अवरोध सहसा ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की सुमारे ५२ येतात. म्हणजे स्टीरिओतली चिप पूर्ण दाबाने सतत चौकोनी लहर ओतत राहिली तर निघेल तेवढी ही शक्ती आहे, आणि चौकोनी लहर म्हणजे संगीताचा चेंदामेंदा. स्वच्छ लहरीसाठी चिपला दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडावी लागते. त्या हिशेबात शिखर १३ व्होल्टच्या आसपास आणि खरी शक्ती दर चॅनलला जेमतेम २० वॉट राहते. चिप कोणत्याही कंपनीची असली तरी हे गणित सुटत नाही, कारण मर्यादा बॅटरीच्या व्होल्टेजची आहे.

दुसरी मर्यादा स्पीकरची. तोच आवाज ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. १६० हर्ट्झला अर्धा मिलिमीटर हलणारा पडदा ८० हर्ट्झला २ मिलिमीटर आणि ४० हर्ट्झला ८ मिलिमीटर हलला पाहिजे. दारात बसणारा साडेसहा इंची स्पीकर एवढी धाव घेऊ शकत नाही. शिवाय दार हे बंद खोके नव्हे. त्यात काचेची फट आहे, पाणी निचरायला भोके आहेत, आतला प्लॅस्टिकचा पडदा सैल आहे. स्पीकरच्या पुढची हवा अशा वाटांनी मागच्या हवेला भेटते आणि खालचे सूर एकमेकांना पुसून टाकतात.

त्यात कानाचा स्वभावही आड येतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, माणसाचा कान सगळ्या सुरांना सारख्या तीव्रतेने ऐकत नाही. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या आलेखांनुसार १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या सुराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. धावत्या गाडीत तर टायर, इंजिन आणि वारा यांची घरघर नेमकी याच खालच्या पट्ट्यात असते. उभ्या गाडीत ठीक वाटणारा खर्ज महामार्गावर नाहीसा होतो तो यामुळे. शोरूममध्ये बंद गाडीत बसून स्टीरिओची पारख करणाऱ्याची फसगत होते, तीही याचमुळे.

मोटार एका बाबतीत मात्र ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या वर असते आणि गाडीच्या आतली लांबी असते अडीच-तीन मीटर. सुराची अर्धी लहरसुद्धा आत मावेनाशी झाली की ती लहर म्हणून धावत नाही. सबवूफर सगळ्या केबिनमधली हवा एकदम दाबतो आणि सोडतो. ही अवस्था साधारण ६० ते ७० हर्ट्झच्या खाली सुरू होते आणि तिथून खाली प्रत्येक सप्तकाला आवाजात वाढ मिळत जाते. पूर्ण बंद आणि ताठ खोलीत ही वाढ सप्तकाला १२ डेसिबल असते; प्रत्यक्ष गाडीत पत्रा लवतो, रबरी पट्ट्यांतून हवा निसटते, म्हणून ती थोडी कमी भरते. तरीही घरातल्या दिवाणखान्यात जो खर्ज मिळवायला कपाटाएवढा स्पीकर लागेल, तो गाडीत १० इंची वूफर देतो. काच चार बोटे खाली केली की यातला बराचसा भाग उडून जातो.

पूर्वी या साऱ्यावर सोपा उपाय होता. डॅशबोर्डमध्ये १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असा ठरीव खाचा असे. जर्मन मानकावरून त्याला डिन म्हणत आणि दुप्पट उंचीच्या खाच्याला डबल डिन. जुना स्टीरिओ ओढून काढायचा, नवा सरकवायचा, त्याच्या पाठीमागे अ‍ॅम्प्लिफायरसाठी तयार सॉकेट असायचे. आता टचस्क्रीनमध्ये मागचा कॅमेरा, गाडीच्या सेटिंग्ज, काही गाड्यांत वातानुकूलनही गुंफलेले असते आणि पडद्याचा आकार डॅशबोर्डच्या घडणीशी जोडलेला असतो. स्टीरिओ काढला तर स्टीअरिंगवरची बटणे मुकी होतात, कधी गाडी इशारे दाखवू लागते. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत कंपन्यांनीच सोय करून ठेवलेली आहे. टाटा हॅरिअरमध्ये २०१९ पासून जेबीएलचे नऊ स्पीकर आले, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा. पण बहुसंख्य ग्राहक घेतात त्या मधल्या श्रेणीत चार स्पीकर असतात आणि सबवूफर नसतो. म्हणून ‘स्टीरिओ बदलणे’ मागे पडून ‘स्टीरिओला जोड देणे’ हे स्वतंत्र तंत्र झाले.

या तंत्रातला पहिला प्रश्न संदेश घ्यायचा कुठून हा. कंपनीच्या स्टीरिओला सहसा अ‍ॅम्प्लिफायरसाठीचे सॉकेट नसते. असतात त्या फक्त स्पीकरकडे जाणाऱ्या तारा. त्या तारांवरचा संदेश नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरकस असतो, म्हणून एकतर तो उतरवून देणारा कन्व्हर्टर मध्ये घालावा लागतो किंवा स्पीकरच्या तारा थेट स्वीकारणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. अलीकडचे बरेच अ‍ॅम्प्लिफायर ही दुसरी सोय देतात. इथे एक गोष्ट विसरली की चिप जळते. या स्टीरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात आणि दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहाएक व्होल्ट उभे असतात. उणे खुणेची तार म्हणजे अर्थ, असे समजून ती गाडीच्या बॉडीला लावणे हा स्टीरिओ निकामी करण्याचा हमखास मार्ग आहे. याच सहा व्होल्टचा चांगला उपयोगही होतो: स्टीरिओ सुरू झाला की ते प्रकट होतात, अ‍ॅम्प्लिफायर त्यांना ओळखतो आणि आपोआप जागा होतो. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही सोय नाही त्याला जागे करण्यासाठी वेगळी रिमोट तार ओढावी लागते. ती स्टीरिओबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवरून घेतात.

संदेश मिळाला म्हणजे तो निर्मळ असेलच असे नाही. कारखान्यातले अभियंते आपल्या छोट्या स्पीकरांना वाचवण्यासाठी आवाज वाढेल तसा खर्ज कमी करण्याची योजना स्टीरिओतच करून ठेवतात. मूळ स्पीकरांच्या दृष्टीने हे शहाणपणाचे असते, पण सबवूफर जोडल्यावर चमत्कारिक परिणाम दिसतो: हळू आवाजात वूफर घुमतो आणि मोठ्या आवाजात गप्प होतो. ऑडिओकंट्रोलच्या एलसी२आय सारख्या कन्व्हर्टरमध्ये हा कापलेला खर्ज पुन्हा भरून काढणारे सर्किट असते. जिथे कंपनीचाच बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर असून तो ट्वीटर आणि वूफरला वेगवेगळे पट्टे वाटून देतो, तिथे ते तुकडे जोडून पुन्हा सरळ संदेश तयार करणारा डिजिटल प्रोसेसर लागतो. काही गाड्यांत इंजिनाची घरघर मारण्यासाठी छतात मायक्रोफोन असतात. नवा सबवूफर वाजू लागला की ती यंत्रणा त्यालाच घरघर समजते, उलटा आवाज सोडते आणि केबिनमध्ये चमत्कारिक गडगडाट होतो. अशा गाडीत आधी ती यंत्रणा बंद करावी लागते. गाडी घेताना कोणी हे विचारत नाही; विचारण्यासारखे आहे.

अ‍ॅम्प्लिफायरचे मुख्य काम, नावावरून वाटते त्याच्या आधीच, वीजपुरवठ्यात होते. ४ ओहमच्या वूफरला ३०० वॉट द्यायचे तर सुमारे ३५ व्होल्ट लागतात आणि गाडीत आहेत १४. म्हणून पेटीच्या आत एक छोटा वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत ट्रान्सफॉर्मरमार्फत हे व्होल्टेज चढवतो. स्टीरिओतली चिप जी भिंत ओलांडू शकत नव्हती ती इथे ओलांडली जाते. पुढचा टप्पा जुन्या एबी वर्गाचा असेल तर घेतलेल्या विजेपैकी निम्म्याच्या थोडी वर कामी येते, उरलेली उष्णता होते. डी वर्गात ८० टक्क्यांच्या वर कामी येते. सबवूफरसाठी आता डी वर्गाचा एकचॅनली अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे मोनोब्लॉक, हाच सर्रास वापरतात. बंद डिकीत किंवा सीटखाली त्याची कमी उष्णता हाच मोठा गुण ठरतो.

वॉटच्या आकड्यांवर विश्वास कितपत ठेवायचा याला एक कसोटी आहे. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक आणले. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती नाही, अशा अटींवर मोजलेली शक्तीच छापायची. हे मानक पाळणारा १५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर ‘३००० वॉट पीएमपीओ’ लिहिलेल्या डब्याला सहज मागे टाकू शकतो. दुसरी कसोटी कोणालाही करता येते: अ‍ॅम्प्लिफायरवरचे फ्यूज पाहावेत. ३० अ‍ॅम्पिअरचा एकच फ्यूज असेल तर १४ व्होल्टला आत जाणारी वीज ४२० वॉट. त्यातून हजार वॉट बाहेर येणार नाहीत.

आता खुद्द सबवूफर. पखवाजवादक डाव्या पुडीवर ओली कणीक थापतो. वजन वाढते, पुडी सावकाश कंप पावते आणि स्वर खाली उतरतो. वूफरची रचना याच तत्त्वावर उभी आहे. पडदा जड, कडेची रबरी कड रुंद आणि सैल, म्हणजे त्याची स्वाभाविक कंपनसंख्या २५ ते ४० हर्ट्झवर येते. त्याची किंमत चुकवावी लागते ती शक्तीच्या रूपात, कारण जड पडदा ढकलायला मोठे चुंबक आणि जास्त वॉट लागतात. कित्येक वूफरांत दोन गुंडाळ्या असतात. ४-४ ओहमच्या दोन गुंडाळ्या समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर ८. अ‍ॅम्प्लिफायर २ ओहमपर्यंत चालतो की नाही हे आधी पाहून वूफर निवडायचा असतो. उलट क्रमाने खरेदी केली की अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो, नाहीतर निम्म्या शक्तीने चालतो.

पण ज्याला लोक वूफरचा आवाज म्हणतात तो बराचसा बॉक्सचा असतो. उघडा वूफर जवळजवळ निरुपयोगी. त्याच्या मागची हवा पुढच्या हवेला रद्द करते. बंद पेटीचे शास्त्र एडगर व्हिलचर यांनी मांडले. १९५४ मध्ये आलेल्या अ‍ॅकॉस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-१ स्पीकरमध्ये पेटीतली कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरलेली होती. भोकाच्या पेटीचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरीच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी बसवले. वूफरच्या माहितीपत्रकात दिसणारे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे त्या दोघांच्या नावाने ओळखले जातात. त्यांच्या आधी पेटी अंदाजाने बनत असे. सध्याही कित्येक दुकानांत ती अंदाजानेच बनते, हे वेगळे.

दोन्ही पेट्यांचे स्वभाव निराळे आहेत. बंद पेटी लहान असते, १० इंची वूफरला सुमारे २० लिटर, १२ इंचीला ३० ते ३५. तिचा खर्ज सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो, आणि केबिन साधारण तेवढ्याच उताराने वर उचलते. दोन उतार एकमेकांना जवळजवळ भरून काढतात, म्हणून बंद पेटी गाडीत अनपेक्षित खोलवर जाते आणि ठोका कसलेला, नेमका येतो. भोकाची पेटी मोठी, ज्या सुरावर बांधली असेल त्याच्या आसपास कितीतरी जोरकस, पण त्याच्या खाली २४ डेसिबलने कोसळणारी. शिवाय त्या खाली वूफरला हवेचा आधार उरत नाही आणि पडदा स्वैर धावू लागतो. म्हणून तिच्याबरोबर सबसॉनिक फिल्टर लावणे भागच असते. ढोल-ताशाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्याला भोकाची पेटी आवडते, तबला आणि चेलो ऐकणाऱ्याला बंद. पहिल्याच वेळी बसवणाऱ्याने बंद पेटी घ्यावी, कारण मापात थोडी चूक झाली तरी ती सांभाळून घेते. पेटी १८ मिलिमीटर एमडीएफची, सांध्यांना डिंक आणि आतून सीलंट लावलेली असावी. प्लायची पातळ पेटी स्वतःच वाजू लागते.

आपल्याकडे मात्र पेटीचा प्रकार बरेचदा डिकी ठरवते. मुंबई-पुण्यातल्या हजारो गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी बसलेली असते. तिथे ३० लिटरची पेटी ठेवायला जागा नाही, आणि टाकी, तिचा व्हॉल्व्ह किंवा गॅसची नळी यांच्या आसपास स्क्रू मारणे, तारा दाबून नेणे तर साफ वर्ज्य आहे. अशा गाड्यांसाठी सीटखाली बसणारा चपटा सबवूफर हा सोयीचा पर्याय. त्यात ८ इंची वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच अ‍ॅल्युमिनिअमच्या कवचात असतात, खरी शक्ती साधारण ७५ ते १५० वॉट. तो ३० हर्ट्झपर्यंत खाली जात नाही, पण दारांतल्या स्पीकरांचा भार उचलतो, आणि चालकाच्या अगदी जवळ असल्याने कमी शक्तीतही पुरेसा भासतो. त्याआधी सीटखाली वातानुकूलनाचा मार्ग किंवा हॅचबॅकमध्ये सरकत्या सीटची दांडी आड येत नाही हे मोजून पाहावे लागते. काही उत्पादक स्टेपनीच्या पोकळीत बसणाऱ्या गोल पेट्याही देतात. स्टेपनी घरी ठेवून घाट चढणे ज्याला पटेल, त्यानेच हे करावे.

वीज हा या कामातला सगळ्यात कमी दिमाखाचा आणि सगळ्यात धोक्याचा भाग. ३०० वॉटचा डी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरावर सुमारे २७ अ‍ॅम्पिअर ओढतो. एवढा प्रवाह स्टीरिओच्या मूळ वायरिंगमधून घेता येत नाही. बॅटरीपासून डिकीपर्यंत स्वतंत्र तार ओढावीच लागते. ८ गेजची, म्हणजे साधारण ८ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार पाच मीटर अंतरावर ३० अ‍ॅम्पिअरला जेमतेम ०.३ व्होल्ट गमावते. पाचशे वॉटच्या पुढे ४ गेज लागते. तयार किटमधल्या तारा बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या असतात. त्यांचा विरोध तांब्याच्या दीडपट, आणि पावसाळी दमट हवेत त्यांची टोके लवकर गंजतात. बाहेरचे आवरण जाड ठेवून आत पातळ तार घालण्याची युक्तीही चालते. तार कापून तिचे टोक पाहिल्याशिवाय किट घेऊ नये.

फ्यूजबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मुख्य फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, तारेसाठी असतो. म्हणूनच त्याची जागा बॅटरीजवळ, तारेवर ४५ सेंटिमीटरच्या आत असते. डिकीत अ‍ॅम्प्लिफायरशेजारी फ्यूज लावला तर मधली पाच मीटर तार बिनसंरक्षणाची राहते. ती इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली की बॅटरी तिच्यातून शेकडो अ‍ॅम्पिअर ओतते, आणि गाड्या पेटतात त्या अशाच. त्या पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट हवाच, बॉनेटखाली तारेवर पन्हाळीदार नळी हवी, आणि स्टीअरिंगचा दांडा, पेडल, गरम पाइप यांपासून ती दूर बांधलेली हवी. केबिनमध्ये ती एका बाजूच्या पायपट्टीखालून नेतात आणि संदेशाच्या तारा दुसऱ्या बाजूने.

अर्थ तेवढाच महत्त्वाचा. अ‍ॅम्प्लिफायरची उणे तार पुरवठ्याच्या तारेइतकीच जाड, आखूड, आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या बॉडीच्या पत्र्याला लग दाबून बोल्टने कसलेली असावी. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये. अर्थ कच्चा राहिला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरांतून येऊ लागते आणि मग दुकानदार तिच्यावर निरनिराळे फिल्टर विकतो. नव्या गाड्यांत बॅटरीच्या उणे टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. नवी उणे तार थेट त्या टोकाला लावली तर सेन्सरला तिचा पत्ता लागत नाही आणि बॅटरी चार्ज करण्याचा गाडीचा हिशेब चुकतो. ती बॉडीलाच जोडावी.

छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ अ‍ॅम्पिअर-तासांची असते. वातानुकूलन, दिवे, पंखा, वायपर एकत्र चालू असताना तिच्या अल्टरनेटरकडे शिल्लक फारशी उरत नाही. संगीतात पूर्ण शक्ती क्षणभरच लागते, म्हणून ३०० वॉटपर्यंत सहसा काही बदलावे लागत नाही. ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावू लागले तर आधी बॅटरीची टोके आणि अर्थ तपासावेत. मोठा कपॅसिटर बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो वीज निर्माण करत नाही, त्यामुळे अपुऱ्या अल्टरनेटरवर त्याचा इलाज चालत नाही. विद्युत मोटारीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच आणि अ‍ॅम्प्लिफायर तिच्यावरच चालतो. केशरी आवरणाच्या उच्चदाबाच्या तारांना कोणत्याही कारणाने हात लावायचा नसतो.

सगळे बसवून झाल्यावर अर्धे काम उरते, आणि तेच बहुधा पाच मिनिटांत उरकले जाते. अ‍ॅम्प्लिफायरवरचा गेन हा आवाजाचा खटका नाही. स्टीरिओचा संदेश आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा मेळ घालणारी ती कळ आहे. पद्धत अशी: वूफर सुटा करायचा, स्टीरिओचे बेस-ट्रेबल मध्यावर, आवाज तीन चतुर्थांश, मग ५० हर्ट्झचा चाचणीसूर लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज पाहायचे. शक्ती आणि ओहम यांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतले की हवा तो आकडा मिळतो. २ ओहमवर ३०० वॉटसाठी साडेचोवीस व्होल्ट. तिथे गेन थांबवायचा. त्यापुढे फिरवले तर लहरीची शिखरे कापली जातात, गुंडाळीत उष्णता साचते आणि वूफर जळतो. बेस बूस्टची कळ शून्यावर ठेवावी. ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर उत्तम, कारण शिखरे कापली गेली की नाही हे मल्टिमीटरला दिसत नाही.

लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास असावा. याच्या खालचे सूर कोणत्या दिशेने येतात हे कानाला कळत नाही, त्यामुळे डिकीतला वूफर डॅशबोर्डमधून वाजल्यासारखा भासतो. फिल्टर १२० वर नेला की पुरुष गायकाच्या आवाजाचा खालचा भाग मागे ओढला जातो आणि गाणे दोन तुकड्यांत ऐकू येते. वाटणी पुरती करायची तर दारांतल्या स्पीकरांपर्यंत खर्ज पोहोचू नये हेही पाहावे. चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्यात हाय-पास फिल्टर असतो. नसेल तर ४ ओहमच्या स्पीकरच्या तारेत सुमारे ४०० मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर घातला तरी १०० हर्ट्झच्या खालचा भार बराच उतरतो. फेजची कळ ० आणि १८० या दोन्ही जागी फिरवून पाहावी. ज्या जागी चालकाच्या सीटवर ठोका भरीव लागतो ती बरोबर. या साध्या चाचणीने पुष्कळदा नव्या वूफरपेक्षा जास्त फरक पडतो.

खर्ज आला की गाडीतली प्रत्येक सैल वस्तू बोलू लागते. नंबरप्लेट, डिकीचे झाकण, मागच्या काचेखालची फळी, सीटबेल्टचे बकल. ब्युटाइल रबराची चादर डिकीच्या झाकणावर आणि दारांच्या पत्र्यावर चिकटवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे, आणि दारांत ती लावली की मूळ स्पीकरसुद्धा सुधारतात. खर्चाची रक्कम आखडती असेल तर वूफर एक आकार लहान घेऊन ही चादर घ्यावी.

मूळ तारा कापल्या तर गाडीची कंपनी विद्युत बिघाडाची वॉरंटी नाकारू शकते. म्हणून गाडीच्या कपलरमध्ये बसणारे जोड-हार्नेस वापरतात. ते काढले की गाडी पूर्ववत होते. आवाजाच्या मर्यादेचा प्रश्नही आहेच. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तिथे वापरले जाणारे मोजमाप ५० हर्ट्झच्या सुराला सुमारे ३० डेसिबल कमी लेखते, त्यामुळे मीटरवर न दिसणारा खर्ज शेजारच्या इमारतीत खिडक्या हलवत असतो. पत्रा आणि भिंत दोन्ही वरचे सूर अडवतात, खालचे सोडून देतात. आत बसलेल्यांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे.

काम ताब्यात घेण्यापूर्वी अर्धा तास जोरात वाजवून फ्यूजचे घर, बॅटरीची टोके आणि अर्थचा बोल्ट हाताने चाचपावेत. जिथे गरम लागेल तिथे सांधा कच्चा आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवरचे व्होल्टेज बॅटरीवरच्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी नसावे. खडबडीत रस्त्यांवर महिनाभर गाडी फिरल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत. शेवटी गाडी कुलूप लावून, सगळ्या यंत्रणा झोपेपर्यंत थांबून, बॅटरीतून किती प्रवाह झिरपतो तेही मोजावे. तो काही दशक मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असायला हवा. आपोआप जागा होणारा अ‍ॅम्प्लिफायर झोपलाच नाही आणि एक अ‍ॅम्पिअर ओढत राहिला, तर ३५ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी दीड दिवसात रिकामी होते.